चार बोटांची चीर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोम्मारने काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाच्या आठ गुंडाळ्या ट्रेलरमधून अंगणात आणून टाकल्या. त्याची आई गोडेलीव्ह तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि फिर्मिन सायकलच्या चाकात हवा भरत होता. गुंडाळ्या धपकन पडल्या तशा कोंबड्या उडाल्या. फिर्मिनने मात्र पंप सावकाश खाली ठेवला, गुंडाळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन हिवाळ्यातली लोकरीची टोपी घालून आला. ऊन चांगलं लख्ख पडलं होतं.

"थंडी वाजतेय का रे?" गोडेलीव्हने विचारलं.

"नाही वहिनी. कान झाकलेले बरे."

"तांडेल आलाय वाटतं."

"वाटेत आहे," फिर्मिन म्हणाला आणि पुन्हा हवा भरायला बसला.

फिर्मिन या घरचा कोण, हे त्या गावात कुणी विचारत नसे. गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. मनाच्या दुखण्यापायी ज्यांना स्वतःचं घर उरलं नाही अशी माणसं इस्पितळातून येत आणि शेतकऱ्याच्या, न्हाव्याच्या, पाववाल्याच्या घरी राहत. घरातल्यांच्या पंगतीला जेवत, झेपेल ते काम करत, आणि त्याच घरात म्हातारी होत. त्यांना घरपाहुणे म्हणत. फिर्मिन बावीस वर्षांपूर्वी आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. हातात पुठ्ठ्याची एक पेटी, आणि बोटांची नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. गोडेलीव्हची सासू तेव्हा होती. तिने सुनेला बाजूला घेऊन दोन गोष्टी बजावल्या. याच्यासमोर वेडाचा शब्द काढायचा नाही, आणि याला मागचं काही विचारायचं नाही. "आज आला, आजपासूनचा आपला. कालचं त्याचं त्याच्यापाशी राहू दे." सासू एरवी खाष्ट बाई, सुनेशी धड बोलणं नाही. पण हे ती इतक्या मायेने बोलली की गोडेलीव्हने ते पदराला गाठ मारून ठेवलं. पुढे सासू गेली, नवरा स्तान गेला, गोम्मारला मिशी फुटली आणि त्याने ती काढूनही टाकली. फिर्मिनला कालचं कुणी विचारलं नाही.

तांडेल तेवढा सगळ्यांना ठाऊक होता. फिर्मिनच्या कानात बोलणारा एक माणूस होता, त्याला फिर्मिन तांडेल म्हणत असे. तो दिसायचा नाही, शिव्या मात्र घालायचा. गोडेलीव्हने त्याच्याशी कधी भांडण काढलं नाही. फिर्मिन जेवता जेवता ताठ झाला, चमचा हवेत राहिला, की ती म्हणायची, "त्याला सांग सूप संपलं. उद्या ये म्हणावं." फिर्मिन कधी हसायचा, कधी नाही, पण चमचा तोंडात जायचा. अशी बावीस वर्षं निभली होती.

शेत होतं चार एकरांचं, वाळूचं. केम्पन नावाच्या त्या मुलखाची जमीनच तशी, मुठीत धरली की बोटांतून गळणारी. त्या वाळूत गुडघ्याएवढे वरंबे ओढून आत ॲस्परॅगस, म्हणजे कोंबांची भाजी, घेत. मे महिन्यात वरंब्याच्या पोटात पांढरे कोंब वर चढतात, आणि डोकं बाहेर काढायच्या आत ते कापायचे असतात. उजेड लागला की कोंब जांभळा पडतो आणि भाव उतरतो. कोंब कुठे आहे हे वरून दिसत नाही, वाळूला केसाएवढी भेग पडते तेवढीच खूण. तिथे दोन बोटं घालायची, कोंब मोकळा करायचा, लांब सुरी खाली सारून देठ तोडायचा आणि थापीने वाळू पुन्हा सारखी करायची. हे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जूनअखेरच्या सेंट जॉनच्या सणापर्यंत, कंबरेत वाकून.

या कामात फिर्मिनचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बाकीच्यांना जिथे नुसती वाळू दिसे तिथे तो म्हणायचा, "इथे एक आहे, अजून झोपलाय." आणि असायचाच. वाळू परत थापताना तो दोन वेळा हलकेच थोपटायचा. गोम्मार लहान असताना त्याच्या मागे मागे बादली घेऊन फिरायचा, आणि सायकल चालवायलाही तो फिर्मिनकाकाकडूनच शिकला होता.

आता गोम्मार सत्तावीसचा होता आणि आईच्या कमरेकडे बघून त्याने कागद आणला होता. वरंब्यावर काळा कागद अंथरला की आत उजेड जात नाही, वाळू लवकर तापते, आणि दिवसातून एकदाच काढणी पुरते. कागदाच्या दोन्ही कडांना लांब पोकळ पट्टी असते, तीत वाळू भरून तोंडाला गाठ मारायची, म्हणजे वाऱ्याने कागद उडत नाही. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत तीन-चार वर्षांपासून कागद होता. गोम्मार म्हणाला, "आई, तुझे गुडघे आता सोळा वर्षांचे नाहीत."

"सोळा वर्षांचे होते तेव्हाही दुखतच होते," गोडेलीव्ह म्हणाली. पण मनातून तिला बरं वाटलं.

दोन दिवस कागद अंथरण्यात गेले. वारा उत्तरेचा, बोचरा. गोम्मार पुढे गुंडाळी ओढत जाई, गोडेलीव्ह बाजूने कागद ताणून धरी, आणि फिर्मिनला कडेच्या पट्टीत फावड्याने वाळू भरायचं काम दिलं होतं. सोपं काम, बसून करायचं. फिर्मिन नाही म्हणाला नाही. पण दहा फावडी झाली की तो थांबायचा, कागद एका बोटाने उचलून आत बघायचा, आणि पुन्हा खाली सोडायचा.

"काका, काय पडलंय का आत?" गोम्मारने हाक दिली.

"काही नाही पडलं."

"मग भर की पटापट. वारा वाढतोय."

फिर्मिनने भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं शेत काळं, तुकतुकीत झालं. गोम्मार बांधावर उभा राहून शीळ घालत होता. फिर्मिन त्याच्या मागे उभा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढून. त्याला घरात यायला चार हाका माराव्या लागल्या.

त्यानंतर तो उभ्याने जेवायला लागला. मग खोलीचं दार उघडं टाकून झोपू लागला, मग झोपेनासाच झाला. सूप संपल्याचा निरोप तांडेल ऐकेना. गोळ्या चुकल्या होत्या असंही नाही. गोडेलीव्ह रोज सकाळी अंड्याच्या वाटीत दोन गोळ्या घालून समोर उभी राहत असे, त्याने पाणी पिऊन जीभ दाखवेपर्यंत. तिच्या जिवाला घोर लागला. ती बिचारी आपल्या परीने विचार करून म्हणाली, पहाट लवकर होते आता, उजेडाने याची झोप मोडत असेल. तिने स्तानची जुनी काळी घोंगडी कपाटातून काढली, स्टुलावर चढली, आणि फिर्मिनच्या खिडकीला चारी बाजूंनी खिळे मारून ठोकली. खोलीत मिट्ट काळोख झाला. "आता झोप बघू शांत," ती म्हणाली. फिर्मिन खिळ्यांकडे बघत राहिला. मायेने केलेलं काम होतं आणि त्याच्यासारखं चुकीचं काम तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. हे तिला नंतर कळलं.

मे उजाडला तो एकदम तापूनच. आठवडाभर थंडीने दडून बसलेले कोंब एका दमात वर यायला लागले. मंगळवारी सकाळी सहाला गोम्मार आणि गोडेलीव्ह क्रेट घेऊन शेतावर गेले आणि बांधावरच थांबले. पहिल्या सहा वरंब्यांवरचा कागद चिरलेला होता. फाडलेला नव्हता, नीट चिरलेला. दर पावलावर एक चीर, आडवी, चार बोटांची, एका मापाची. प्रत्येक चिरेतून उजेड आत गेला होता आणि कोंबांची डोकी जांभळी पडली होती. सहाव्या वरंब्याच्या शेवटी सरीत फिर्मिन पालथा पडला होता, कान कागदाला लावून. हातात काढणीची सुरी.

गोडेलीव्हला वाटलं, गेला हा. पण तो हलला. मान वर करून त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना गप्प राहायची खूण केली.

गोम्मारच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वरंबे म्हणजे अर्ध्या आठवड्याची काढणी. तो सरीतून धावत गेला आणि ओरडला, "काय केलंस हे काका! वेड लागलंय का तुला?"

जगात कुठेही, कुणीही, कुणालाही म्हणतो असं हे वाक्य. पण त्या घरात ते बावीस वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. रस्त्याने दुधाची किटली घेऊन शेजारीण सायकलवरून चालली होती, तिने पाय टेकून सायकल थांबवली. गोम्मारचा चेहरा पांढरा पडला.

फिर्मिन उठून बसला. त्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"हो गोम्मार," तो म्हणाला. "म्हणून तर मी इथे राहतो."

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. गोम्मारला तोंडात मारल्यासारखं झालं. तो वळला आणि क्रेटला लाथ मारत घराकडे गेला. गोडेलीव्हने फिर्मिनच्या हातातून सुरी काढून घेतली, त्याच्या कोपराला धरून उठवलं, आणि रस्त्यावरच्या शेजारणीला म्हणाली, "दूध नासेल तुमचं, उन्हात उभ्या राहू नका."

बातमी कानावर पडून दुपारी लुडविना सिस्टर आली. घरपाहुण्यांवर देखरेख करणारी ती परिचारिका, पंधरा वर्षांपासून या घरी येणारी. स्कूटर भिंतीला लावून ती स्वयंपाकघरात बसली, कॉफीला नाही म्हणाली, तेव्हाच गोडेलीव्हने ओळखलं.

"सुरी घेऊन पहाटे एकटा बाहेर पडला, हे मला लिहावंच लागेल."

"कागद कापला त्याने, माणूस नाही."

"मला ठाऊक आहे. पण डॉक्टर विचारणार, झोप किती दिवस नाही? दहा. गोळ्या?"

"एकही चुकलेली नाही. माझ्या समोर घेतो."

"मग गोळ्यांच्या पलीकडचं काहीतरी आहे." सिस्टरने वही मिटली. "शुक्रवारी गाडी घेऊन येते. इस्पितळात महिना-दोन महिने राहील. मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

सिस्टरने वही बाजूला सारली. "गोडेलीव्हबाई, तुमचं वय एकसष्ट. शेतात सुऱ्या, फावडी. त्याला दुसरं घर बघतील. शहराच्या अंगाचं, शेत नसलेलं."

"त्याला दुसऱ्या घरात कोण ओळखणार? त्याच्या सुपात कांदा चालत नाही हेसुद्धा कुणाला माहीत नसणार."

"मी काय सांगू तुम्हाला." सिस्टरने तिच्या हातावर हात ठेवला. "तो काळ्या कागदाला एवढा का भ्याला, ते जर कळलं तर मला डॉक्टरांशी बोलता येईल. लहानपणचं काही आहे. माझ्याकडच्या कागदपत्रांत दोन ओळी आहेत, त्या मी तुम्हाला वाचून दाखवू शकत नाही. पण त्याच्या तोंडाला काही कुलूप नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"आमच्यात विचारत नाहीत," गोडेलीव्ह म्हणाली.

हे वाक्य ती आयुष्यभर मान ताठ करून म्हणत आली होती. गावातल्या सगळ्याच बायका म्हणत. त्या दिवशी मात्र ते तिच्याच कानाला पोकळ लागलं. सिस्टर गेल्यावर ती बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. न विचारणं ही माया होती, खरंच होती. पण त्यात सोयही होती, हे तिला कबूल करावं लागलं. विचारलं नाही म्हणून ऐकावं लागलं नाही. बावीस वर्षं त्याने तांडेलाला एकट्याने अंगावर घेतलं आणि आपण सुपाच्या गमती करत बसलो. तिला स्वतःची लाज वाटली. ती उठली, वर गेली, आणि खिडकीची घोंगडी ओढून काढली. दोन खिळे भिंतीतच राहिले.

बुधवारी तिचा धीर झाला नाही. गुरुवारी दुपारी दोघं धुण्याच्या शेडमध्ये बसले होते. जांभळे पडलेले कोंब विकायचे नव्हते, पण टाकायचेही नव्हते. दगडी हौदातल्या गार पाण्यात ते धुवायचे, बुडखे छाटायचे, आणि घरच्यासाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी जुड्या बांधायच्या. फिर्मिन धूत होता, गोडेलीव्ह छाटत होती. पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हायची. दोघांची तोंडं हौदाकडे होती, एकमेकांकडे बघायची गरज नव्हती.

"फिर्मिन," ती म्हणाली, "तांडेल कोण रे?"

पाण्यातले हात थांबले. "तू विचारतेस?"

"हो. मी विचारतेय."

"बाप माझा," फिर्मिन म्हणाला, आणि पुन्हा धुवायला लागला.

तिने पुढचा कोंब उचलला. तो बोलेल तेव्हा बोलेल.

"कोळशाची बोट होती आमची, तांडेल तोच. कालव्यातून चालायची. आई एका धक्क्यावर पाव आणायला उतरली, ती परत आलीच नाही. मग आम्ही दोघं भाऊ. मी सात वर्षांचा, ओदिल चार. बाप गुत्त्यावर जायचा तेव्हा आम्हाला खाली घालायचा, कोळसा असतो तिथे. पाण्यात पडाल म्हणायचा. वर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री. डांबराची, काळी. चारी कडांना वाळूच्या पिशव्या."

गोडेलीव्हची सुरी थांबली. वाळू भरायचं सोपं काम तिनेच त्याला दिलं होतं.

"आवाज केला की वरून म्हणायचा, गप, नाहीतर उघडणारच नाही. आताही तेच म्हणतो. शब्दसुद्धा बदलत नाही." फिर्मिनने एक कोंब वर धरला, उजेडात फिरवून पाहिला आणि ठेवला. "उन्हाळा होता. ओदिल आधी रडायचा. मग फळ्यांवर ठोकायला लागला. मग ठोकायचाही थांबला."

"गेला का रे तो?"

"ते मला माहीत नाही. बापाने खांद्यावर टाकून नेलं. निळा पडला होता. परत आणला नाही. विचारलं तर पट्ट्याने मारलं. मग मला नन्सच्या शाळेत टाकलं. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, असलं विचारायचं नसतं."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. बाहेर कोंबडी अंडं घालून ओरडत होती.

"माझ्याकडे बटाटे सोलायची सुरी होती, वहिनी. खिशातच होती. फळ्यांच्या फटीतून हात जायचा. ताडपत्री चिरता आली असती. फार नाही, चार बोटांची चीर. नाकापुरती. पण ताडपत्री नवी होती. बाप मारेल म्हणून मी नाही चिरली."

"तू सात वर्षांचा होतास."

"हो," फिर्मिन म्हणाला. "पण सुरी होती."

गोडेलीव्हला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. ओल्या हातांनी डोळे पुसले तर आणखीच पाणी आलं. फिर्मिनने स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून तिला दिला. टॉवेलला चिखल होता, तिने त्यालाच तोंड पुसलं.

"आणि मी तुझ्या खिडकीला घोंगडी ठोकली."

"मायेने ठोकलीस ती."

"तरी ठोकलीच की."

"ठोकलीस खरी," त्याने कबूल केलं. "पण काढलीस पण. बाप काढायचा तो दारू उतरल्यावर."

दाराशी रिकामे क्रेट घेऊन गोम्मार उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. त्याने क्रेट एकेक करून अगदी आवाज न करता खाली ठेवले आणि निघून गेला.

संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून गोडेलीव्ह शेतावर गेली. गोम्मार कागद काढत होता. एका टोकाने पट्टीतली वाळू झटकायची, दोन वरंब्यांमधून कागद ओढत न्यायचा, गुंडाळायचा. अंथरायला तिघांना दोन दिवस लागले होते, हा एकटा काढायला निघाला होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

"उद्यापासून दोन वेळा काढणी," ती म्हणाली. "या उन्हात."

"काढू."

"पाठ जाईल तुझी."

"तुझी आधी जाईल. मग मला घरी बसून तुझी बोलणी खायला लागतील." तो गुंडाळीवर वाकून बोलत होता. "आई, मी त्याला काय बोललो."

"ऐकलंय मी."

"लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची तेव्हा तो माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. मी झोपेपर्यंत. मी कधी विचारलं नाही, तुला नाही का भीती वाटत."

गोडेलीव्हने कागदाचं दुसरं टोक उचललं. थोड्या वेळाने फिर्मिनही आला. गोम्मारने मान वर करून पाहिलं. मग त्याने कमरेची काढणीची सुरी काढली आणि मुठीकडून फिर्मिनपुढे धरली. "काका, पट्टीच्या गाठी सुटत नाहीत मला. तू काप." फिर्मिनने सुरी घेतली. अंधार पडायच्या आत सगळे वरंबे उघडे झाले, आणि दमून तिघं बांधावर बसले तेव्हा फिर्मिनने टोपी काढून वाळू झटकली आणि ती खिशात घातली. पण तांडेल काही गेला नव्हता. त्या संध्याकाळीही फिर्मिन उभ्यानेच जेवला, मात्र आधी त्याने टेबलाशी खुर्ची ओढून बघितली.

शुक्रवारी नऊला गाडी आली. लुडविना सिस्टर उतरली आणि चालकाला थांबायला सांगून शेतात आली. गोडेलीव्हने तिला वाटेतच गाठून सगळं सांगितलं, कोळशाची बोट, ताडपत्री, ओदिल, आणि शेवटी म्हणाली, "त्याला पाठवायचं की नाही ते माझ्या तोंडून ऐकू नका. त्याच्यापाशी जा."

फिर्मिन चौथ्या वरंब्यावर वाकला होता. सिस्टर सरीत उकिडवी बसली, तिच्या पांढऱ्या बुटांत वाळू गेली.

"फिर्मिन, झोप लागली?"

"तीन तास. दार उघडं ठेवून."

"तो बोलतोय?"

"बोलतोय की." त्याने भेगेत दोन बोटं घातली, कोंब मोकळा केला, तोडला, तिच्या हातात दिला. "पण आता वहिनीला माहीत आहे तो कोण ते. पूर्वी मला एकट्यालाच माहीत होतं."

"इस्पितळात यायचंय का थोडे दिवस? आराम पडेल."

फिर्मिनने खरोखर विचार केला. टाळायचं म्हणून नाही म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. "कोंब भराभर येतायत," तो म्हणाला. "गोम्मारला भेगा दिसत नाहीत. लहानपणापासून दिसत नाहीत त्याला. सणापर्यंत राहू द्या. नंतर लागलं तर येईन मी, माझ्या पायांनी."

"आणि परत?"

"परत इथेच," मागून गोम्मार म्हणाला. "त्याची खोली त्याची आहे. हे आधी लिहा, सिस्टर, मग बाकीचं लिहा."

सिस्टरने हातातला कोंब क्रेटमध्ये ठेवला. मग उठली, बूट झटकले, आणि गोडेलीव्हला म्हणाली, "सोमवारी येते. गुरुवारीही येते. डॉक्टरांशी मी बोलते, ते त्याला इथे येऊन बघतील. झोप वाढली नाही तर मात्र मला न्यावंच लागेल. हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"खोटं नकोच आहे," गोडेलीव्ह म्हणाली. रिकामी गाडी रस्त्याला लागेपर्यंत ती बघत उभी राहिली. मग ती होती तिथेच सरीत बसली.

गोम्मार भरलेले क्रेट घेऊन घराकडे गेला. फिर्मिनने थर्मास आणला, झाकणात कॉफी ओतून तिला दिली, आणि स्वतःही शेजारी बसला. दोघांनी पाय लांब केले. वाळू तापायला लागली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तू या घरात आलीस तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काय?"

"कुठे होतीस? कशी होतीस? कुणी मारायचं का तुला?"

त्यात काय सांगायचं, असं ती म्हणणार होती. ते तिच्या जिभेवरच होतं. मग तिच्या लक्षात आलं की बेचाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. सासूने नाही. स्तान चांगला होता, पण त्यानेही नाही. या घरात मागचं न विचारायची रीत होती आणि सून म्हणजे तरी कोण, तीही बाहेरूनच आलेली. तिने कॉफीचा घोट घेतला. फिर्मिन घाई करत नव्हता. एखाद्या वरंब्यापाशी थांबावं तसा तो थांबून राहिला होता.

"मी सहा वर्षांची होते," गोडेलीव्ह म्हणाली. "आमच्याकडे अकरा पोरं. आईने मला रविवारपुरतं म्हणून मावशीकडे सोडलं. माझा चांगला फ्रॉक घालून. म्हणाली, संध्याकाळी न्यायला येते."

चष्मा काढून ती तो उगाच पुसत राहिली.

"मग?" फिर्मिनने विचारलं.